ग्रेटे वाइट्स : शाळेतून मॅरेथॉनकडे

सन १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांना प्रथमच ८०० मीटर धावण्याची संधी मिळाली. जर्मनीच्या लिना राड्के यांनी ही शर्यत २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकून नवा उच्चांक स्थापिला. परंतु अनेक वृत्तपत्रांना त्या उच्चांकापेक्षा शर्यतीच्या शेवटी दमलेल्या स्त्रियांचेच अधिक अप्रूप वाटले. जीव तोडून धावणारा मनुष्य, मग तो पुरुष असो की स्त्री, अखेरीस दमतोच. तथापि बातम्यांतून असे काही अतिरंजित चित्र उभे राहिले, की स्त्रियांची ती शर्यतच बंद झाली. ती पुन्हा सुरू होण्यास १९६० साल उजाडावे लागले. लांब पल्ल्याचे धावणे बायकांच्या प्रकृतीस मानवत नाही, हा समज अशा रीतीने शास्त्र म्हणून मिरवत राहिला. तो समज ज्यांनी वाद न घालता, केवळ धावून खोटा ठरविला, त्यांत नॉर्वेच्या ग्रेटे वाइट्स यांचे स्थान मोठे आहे.

ग्रेटेबाईंचा जन्म १ ऑक्टोबर १९५३ रोजी ओस्लो शहरी झाला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्या उतरल्या, तेव्हा स्त्रियांना खुली असलेली सर्वांत लांब शर्यत होती अवघ्या १५०० मीटरांची. १९७५ साली त्यांनी ३००० मीटरांचे अंतर ८ मिनिटे ४६.६ सेकंदांत कापून जागतिक उच्चांक केला व पुढील वर्षी तो स्वतःच सुधारला. पण त्याच १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांना पुन्हा १५०० मीटरच धावावे लागले आणि अंतिम फेरी काही गाठता आली नाही. ज्या अंतरात त्यांची जगात बरोबरी नव्हती, ते अंतर ऑलिंपिकच्या कार्यक्रमात स्त्रियांसाठी नव्हतेच!

त्यांचा व्यवसाय शिक्षिकेचा. शाळेची घंटा होण्यापूर्वी, उत्तरेकडील हिवाळ्याच्या काळोखात आणि बर्फात, त्या पहाटेचा सराव उरकीत. १९७८ साली प्राग येथील युरोपीय स्पर्धेत ३००० मीटरांत त्यांना तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले, आणि आता हे सारे पुरे करावे असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. अशा वेळी न्यूयॉर्क मॅरेथॉनचे चालक फ्रेड लेबो यांच्याकडून निमंत्रण आले. सुरुवातीचा वेग राखून इतर स्त्रियांना ओढून न्यावे, एवढीच या नवख्या पाहुणीकडून अपेक्षा होती. पती जॅक यांनी आग्रह धरला : शर्यतीचे काय व्हायचे ते होवो, निदान अमेरिकेची सहल तरी पदरात पडेल.

२२ ऑक्टोबर १९७८. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटरांहून थोडे अधिक. आणि बाई तोवर २० किलोमीटरांच्या पलीकडे कधी धावल्याच नव्हत्या. रस्त्यावरील खुणा मैलांच्या. त्यामुळे किलोमीटरांची सवय असलेल्या त्यांना किती उरले याचा अंदाजही येईना. उत्तरार्धात पाय भरून आले, आणि या फंदात पाडल्याबद्दल जॅक यांच्यावरचा राग वाढत गेला. तरीही २ तास ३२ मिनिटे ३० सेकंदांत त्यांनी अंतिम रेषा ओलांडली. दुसरी स्त्री त्यांच्यामागून सुमारे नऊ मिनिटांनी आली. स्त्रियांचा त्या काळचा जागतिक उच्चांक दोन मिनिटांहून अधिक फरकाने मोडला होता! ही विजेती कोण, हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हते. आणि विजेतीने पहिले काम कोणते केले, तर पायांतले बूट काढून नवऱ्यावर भिरकावले. असला मूर्खपणा पुन्हा करणार नाही, असे त्यांनी बजावले.

तो निश्चय वर्षभरही टिकला नाही. १९७९ साली त्या न्यूयॉर्कला परतल्या आणि २ तास २७ मिनिटे ३३ सेकंदांत शर्यत संपवून अडीच तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करणाऱ्या जगातील पहिल्या स्त्री ठरल्या. १९७८ ते १९८८ या अवधीत ही शर्यत त्यांनी नऊ वेळा जिंकली. १९८१ साली मात्र पायाच्या दुखण्यामुळे ती मध्येच सोडावी लागली. रानावनातून धावण्याच्या जागतिक स्पर्धेतही त्या पाच वेळा अजिंक्य ठरल्या आणि १९८३ साली हेलसिंकी येथे मॅरेथॉनच्या पहिल्या जगज्जेत्या झाल्या.

अखेर १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथमच समाविष्ट झाली. ज्या दाराशी ग्रेटेबाई इतकी वर्षे उभ्या होत्या ते उघडले. पण आत प्रथम पाऊल टाकले ते अमेरिकेच्या जोन बेनॉइट यांनी. जोन अगदी प्रारंभीच पुढे निघाल्या. उन्हाने त्या थकतील, मागे येतील, अशा हिशेबाने इतर जणी एकत्र राहिल्या. तो हिशेब चुकला. ग्रेटेबाई १ मिनिट २६ सेकंदांनी मागे राहिल्या व त्यांना रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक त्यांच्या वाट्यास कधीच आले नाही.

त्यांच्या एका शर्यतीची आठवण मात्र पदकांपलीकडची आहे. फ्रेड लेबो यांना मेंदूचा कर्करोग झाला होता. आपण उभारलेली पाच उपनगरांतून जाणारी ती शर्यत एकदा तरी स्वतः धावावी, ही त्यांची इच्छा होती. १९९२ च्या नोव्हेंबरात ग्रेटेबाई त्यांच्या जोडीने, त्यांच्याच पावलांनी धावल्या. अडीच तासांची भिंत प्रथम ओलांडणाऱ्या या धावपटूस त्या दिवशी साडेपाच तासांहून अधिक वेळ लागला, आणि शेवटी दोघांचेही डोळे पाणावले होते. १९९४ साली लेबो निवर्तले. पुढे २००५ साली ग्रेटेबाईंनाही कर्करोगाने गाठले. उपचार घेत असतानाच त्यांनी रुग्णांना व्यायामाची जोड मिळावी म्हणून नॉर्वेत एक संस्था स्थापन केली. १९ एप्रिल २०११ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

ओस्लोच्या बिस्लेट क्रीडांगणाबाहेर त्यांचा धावता पुतळा उभा आहे. दमलेल्या बायकांच्या बातम्यांनी जी वाट एकदा बंद केली होती, त्या वाटेवरून आज देशोदेशीच्या मुली पहाटे सरावाला निघतात.