एमएस झालेल्यांनी चालणं सोडू नये. गारव्यात करा थोडा थोडा व्यायाम

काष्टी : वार्ताहर

तिशी-पस्तिशीतला माणूस झोकांड्या खात, भिंत धरत चालला की लोक लगेच म्हणतात, 'पिऊन आलाय'. पण त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस हा आजारही असू शकतो. मोटारीच्या वायरचं वरचं प्लास्टिक सोललं की करंट नीट जात नाही. तसंच मेंदू आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण या आजारात खराब होतं. पाय जड पडतात, तोल जातो, थकवा येतो. हा आजार बहुधा २० ते ४० वयात सुरू होतो, बायकांमध्ये जास्त दिसतो. तो संसर्गाने पसरत नाही.

पूर्वी डॉक्टरही अशा रुग्णांना 'आराम करा' म्हणायचे. १९९६ साली अमेरिकेत रुग्णांना १५ आठवडे व्यायाम देऊन पाहिला, तेव्हा त्यांची ताकद वाढली. व्यायामाने आजार मुळासकट जात नाही, पण बसून राहिलं तर पाय आणखी कमजोर होतात.

घरी काय करता येईल?

- खुर्ची भिंतीला टेकवून ५ ते १० वेळा उठा-बसा. गरज वाटली तर हाताचा आधार घ्या.
- खिडकीचे गज धरून टाचा वर उचला, हळू खाली टेकवा.
- खुर्चीत बसून टाच जमिनीवर ठेवा आणि चवडा वर ओढा. चालताना पाऊल घासतं, त्यांनी हा व्यायाम जरूर करावा.
- सपाट जागी ५ मिनिटं चाला, बसा, पुन्हा ५ मिनिटं चाला.

हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जायचं, पण आपल्या कुवतीनुसार. काठी कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरा. घरातलं कुणीतरी जवळ असू द्या.

उन्हाचं मात्र सांभाळा. अंग तापलं की एमएसचा त्रास तात्पुरता वाढतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच व्यायाम करा, गार पाणी जवळ ठेवा. अंग गार झाल्यावर त्रास कमी झाला तर घाबरायचं कारण नाही. पण नवीन अशक्तपणा किंवा अंधुक दिसणं २४ तासांपेक्षा जास्त राहिलं तर मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. औषधं मनाने बंद करू नका.

सुरुवात फिजिओथेरपिस्टला दाखवूनच करा. नगरजवळ विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. १९८५ पासून काम करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची शाखा पुण्यात आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. तपासणीत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर दिव्यांगांच्या योजनांसाठी अर्ज करता येतो.

आपल्या गावात असं कुणी असेल तर नावं ठेवू नका. सकाळी त्याच्या सोबत चार पावलं चाला.