काकांचा प्रश्न आणि अकलूजची वाईन

वाईन म्हटलं की आमच्या ऑफिसात लोकांना दोनच नावं आठवतात, फ्रान्स आणि नाशिक. मला मात्र नाद आहे आडवळणाच्या गावांचा. लेबलवरचं नाव वाचून समोरचा "इथे पण वाईन होते?" असं म्हणाला, की ती बाटली आपली! दिवाळीत रिठदला जाताना अशीच एक अकलूजची सॅन्जोवेसे बॅगेत होती (वाशिमच्या मित्रासाठी. घरी कुणी घेत नाही. असो.)

ती नेमकी काकांच्या हाती लागली. मला वाटलं आता भाषण ऐकावं लागणार. पण त्यांनी विचारलं भलतंच. "याचे द्राक्षं खाता येतात का रे?"

म्हटलं, येतात, पण बाजारात कोणी विचारत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया.

"मंग कंपनीनं नाई घेतले तं त्या शेतकऱ्यानं काय करा?"

कापूस पिकवणाऱ्या गावाला हा प्रश्न पहिल्यांदा सुचणारच. कापूसही खाता येत नाही, त्याला गिऱ्हाईकच लागतं. 1972 पासून बरीच वर्षं एकाधिकार खरेदी होती, म्हणजे गिऱ्हाईक एकच आणि ते सरकार. मी इतकी वर्षं वाईनवर वाचतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुण्याला आल्यावर दोन वीकेंड त्यातच गेले.

महाराष्ट्रातली आजची वाईन सुरू होते 1980 च्या दशकात, नारायणगावला. शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेऊन फेसाळणारी वाईन काढली आणि 'ओमर खय्याम' या नावाने परदेशात विकली. शॅम्पेन म्हणायची सोय नव्हती, ते नाव त्या फ्रेंच प्रांताचं. जुन्नर तालुक्यातली बाटली लंडनला जाते, हे त्या काळात कुणाला खरं वाटलं नसेल.

मग आले राजीव सामंत. हे आमच्या जातकुळीतले, कॅलिफोर्नियात ओरॅकलमधली नोकरी सोडून आलेले! नाशिकला घरच्या जमिनीवर त्यांनी 1997 च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावली, आणि 2000 साली सुलाची पहिली वाईन आली. तोवर नाशिकचं द्राक्ष म्हणजे थॉमसन सीडलेस, खायचं नाहीतर बेदाण्याचं. छाटणीचं शास्त्र मात्र शेतकऱ्याला आधीपासून ठाऊक होतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळ छाटणी. त्यामुळे युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरला होणारी तोडणी आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये येते. ही दोन छाटण्यांची गंमत फ्रान्सच्या पुस्तकात सापडत नाही.

2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. अबकारी करात सूट, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क. मग काय, वायनऱ्या भराभर निघाल्या आणि शेतकऱ्यांनी कराराने वाईनच्या जाती लावल्या. बाग म्हणजे सोयाबीन नव्हे. खुंट, कलम, तारा, ठिबक, सगळा खर्च आधी, आणि फळासाठी दोन-तीन वर्षं थांबायचं.

...आणि 2008 ची मंदी आली. त्यात नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला. पर्यटक आटले, हॉटेलं ओस पडली, वाईन टाक्यांमध्येच राहिली. नारायणगावची ती पहिली कंपनीही कर्जात बुडाली. पुढच्या एक-दोन हंगामांत वाईनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक मिळेना. थॉमसन असती तर पडत्या भावात का होईना, मार्केट यार्डात गेली असती. ही कुठे नेणार? नाशिक भागात कित्येकांनी बागा उपटून टाकल्या.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर हे असं होतं.

आता अकलूज. 2007 मध्ये इथे इटलीचे सेक्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू एकत्र आले. फ्राटेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ, नाव सरळ तिथूनच. तोस्कानाचे पिएरो मासी वाईन करायला आले आणि सॅन्जोवेसे सोलापूर जिल्ह्यात रुजली. चवीला आंबटसर चेरी, थोडी कोरडी. मला नाशिकच्या बऱ्याच लाल वाईनपेक्षा आवडते. पण आता मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. द्राक्षं त्यांच्या स्वतःच्या मळ्यांतली. निफाडजवळ कुंदेवाडीच्या पाटील कुटुंबाची रेवेलो अशीच, घरच्या बागेतली. त्यांनी तर सिसिलीच्या जाती लावल्या, ग्रिलो आणि नेरो दाव्होला, कारण ऊन दोन्हीकडे कडकच!

काकांना फोनवर सगळं सांगितलं. "म्हंजे बाग ज्याची, कारखानाबी त्याचाच," ते म्हणाले. "अन् ज्याच्याजवळ कारखाना नाई, तो?"

म्हटलं, तो करार करतो.

"किती सालाचा?"

पुढच्या महिन्यात विंचूरला जातोय. या वेळी बाटलीबरोबर एखादा करारही बघायला मिळतो का, ते विचारणार आहे.