प्लाय, एमडीएफ की पार्टिकल बोर्ड? घरातलं लाकडी काम काढण्याआधी एवढं पाहा

गोंदिया : धानाचे पैसे हाती आले की जिल्ह्यात घरांची कामं निघतात. भिंती, स्लॅब झाला की कपाट आणि किचन ओट्याखालच्या दारांचा प्रश्न येतो. सागवान सगळ्यांना परवडत नाही. स्वतःच्या बांधावरचा साग तोडायचा तरी परवानगी लागते. मग शहरातल्या दुकानातून शीट आणली जाते. सनमायका लावल्यावर सगळ्या शीट सारख्याच दिसतात, फरक आत असतो.

सर्वात स्वस्त पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली पाटी. पाणी लागलं की फुगते, आणि फुगलेली परत बसत नाही. बिजागरीचा स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही. तयार मिळणारे स्वस्त कपाट, टेबल बहुतेक याचेच असतात.

एमडीएफमध्ये लाकडाचे बारीक तंतू असतात. तो गुळगुळीत असल्यामुळे रंग आणि कोरीव नक्षी छान येते. देवघराची जाळी, टीव्हीमागचं पॅनल यासाठी चांगला. पण वजनदार, आणि कडेतून सरळ स्क्रू मारला तर फाटतो, आधी बारीक भोक पाडावं लागतं. कापताना धूळ फार उडते, मिस्त्रीने तोंडाला कापड बांधावं.

प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून तो सहसा चिरत नाही. इथंच गिऱ्हाईक फसतं. दुकानदार ज्याला ‘कमर्शियल’ म्हणतात तो एमआर प्लाय. तो दमट हवा सोसतो, पाणी नाही. ओट्याखाली, सिंकजवळ बीडब्ल्यूआर घ्यावा. दोन्ही आयएस ३०३ या मानकात येतात, त्यामुळे नुसता आकडा पाहून भागत नाही, ग्रेडही वाचा. मरीन प्लायचं मानक आयएस ७१०. तो ७२ तास उकळून तपासतात, बीडब्ल्यूआर ८ तास. घरच्या कपाटाला मरीनची गरज नाही, उगाच खर्च.

उंच कपाटाच्या दारांना ब्लॉकबोर्ड बरा. आत लाकडाच्या पट्ट्या असल्यामुळे हलका असतो आणि लांब फळी कमी वाकते.

शीटवरचा आयएसआय शिक्का पाहाच. त्याखालचा सीएम/एल नंबर मोबाईलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. दुकानात उभं राहूनच तपासा. भाव चौरस फुटावर असतो. ८ बाय ४ ची शीट म्हणजे ३२ चौरस फूट, हिशेब स्वतः करा. पक्कं बिल मागा आणि त्यावर ग्रेड लिहून घ्या.

शंका असेल तर मिस्त्रीकडचा उरलेला तुकडा जुन्या गंजात टाकून चुलीवर दिवसभर उकळा. थर सुटले तर तो पाण्याजवळ लावायचा नाही. हा गंज पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते, वाळवीही कमी नाही. कवेलूच्या जुन्या घरात तर जास्तच. म्हणून चांगल्या प्लायचं कपाटसुद्धा थेट जमिनीवर ठेवू नये, खाली चार इंचांचा कडप्पा किंवा विटांचा ओटा द्यावा आणि भिंतीपासून थोडी जागा सोडावी. दाराला सनमायका एकाच बाजूने लावला तर दार वाकतं, मागच्या बाजूलाही लायनर हवं. कापलेल्या सगळ्या कडा पट्टीने बंद कराव्या, खालची सुद्धा. ती दिसत नाही म्हणून बहुतेक वेळा तशीच सोडतात, आणि फरशी पुसताना पाणी तिथूनच आत शिरतं.