बोरीच्या राखेची कुळकथा

डिंभे धरणात अडलेली घोड नदी आणि तिच्या उत्तरेची कुकडी या दोन्ही नद्यांचा गाळ एकाच घराण्यातला. दगडगोटे, वाळू, काठची काळी माती हे सारे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टचे चूर्ण. जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या दरडीत मात्र एक थर या कुळात बसत नाही. तो पांढुरका-करडा आणि अतिशय बारीक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण फुटक्या बांगडीच्या तुकड्यांसारखे दिसतात: वाकडे, धारदार, पारदर्शक. ही ज्वालामुखीची काच आहे. लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे फुटले, त्यांच्या भिंतींचे हे कपचे.

ही काच दख्खनची नव्हे. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण ५० टक्के असते, या काचेत ७० टक्क्यांहून बरीच अधिक. असा मालमसाला तीन हजार किलोमीटरवरच्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीशी जुळतो. टोबाचे मुख आज शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर आहे आणि त्यात समोसिर नावाचे बेट आहे. उद्रेकातील राख वरच्या वाऱ्यांनी पश्चिमेकडे वाहून नेली. तिचे थर हिंदी महासागराच्या तळाशी सापडतात, तसेच मध्य प्रदेशातील सोन नदीच्या खोऱ्यात, आंध्रातील ज्वालापुरमला आणि कऱ्हाकाठी मोरगावलाही. आकाशातून पडलेला थर पातळ असणार; पावसाने उतारावरची राख धुऊन नदीच्या संथ जागी साठवली, म्हणून जाडी जागोजागी बदलते.

कूळ ठरले, पण पिढी ठरेना. टोबाचे मोठे उद्रेक एकाहून अधिक झाले. सर्वांत अलीकडचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, सर्वांत जुना सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीचा, आणि त्यांच्या काचेची रासायनिक घडण जवळपास सारखीच. प्रश्न केवळ भूविज्ञानाचा नव्हता. बोरीत राखेच्या सोबतच्या गाळात अश्युलियन नावाच्या अतिप्राचीन पद्धतीच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या होत्या, त्यामुळे राखेचे वय हेच माणसाच्या वावराचे वय ठरणार होते. डेक्कन कॉलेजचे श. ना. राजगुरू, रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा आदींनी १९८०च्या दशकापासून येथे काम केले. १९८९मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने १४ लाख वर्षे असा आकडा आला. पुढे आर्गॉनच्याच सुधारित पद्धतीने तो पावणेसात लाखांच्या घरात उतरला, तर १९९५मध्ये काचेच्या विश्लेषणावरून ही राख ७५ हजार वर्षांपूर्वीचीच असे मत मांडले गेले. चौदा लाख आणि पाऊण लाख, म्हणजे जवळपास एकोणीसपटीचा फरक!

असा गोंधळ होण्याचे एक कारण खुद्द नदीत आहे. पुराने राखेत मिसळलेला बेसाल्टचा एखादा जुना कण मोजणीत आला, तर वय उगाच फुगते. म्हणूनच नंतर राखेतले स्फटिक एकेक निवडून मोजण्याची पद्धत आली. २०१०नंतरच्या अशा मोजणीत बोरी आणि मोरगावच्या राखेचे वय ७ ते ८ लाख वर्षांच्या आसपास येते आणि ते टोबाच्या जुन्या उद्रेकाकडे बोट दाखवते. हातकुऱ्हाडींच्या जुनाट घडणीशीही तेच अधिक जुळते. तरीही काचेच्या विश्लेषणावरून मांडलेले ७५ हजार वर्षांचे मत मागे पडलेले नाही; वाद अजून मिटलेला नाही.