हरलेला खटला

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. कायद्याशी माझा संबंध घरभाड्याच्या पावतीपुरता. तरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातले एक पान मला पुन्हा पुन्हा उघडावेसे वाटते. ते पान राज्यघटनेचे नव्हे, फौजदारी कोर्टाचे.

१९२३ साली त्यांनी मुंबईच्या हायकोर्टात वकिली सुरू केली. विलायतेची बॅरिस्टरी गाठीला होती. पण अस्पृश्याच्या हाती खटल्याचे कागद देणार कोण? बडे सॉलिसिटर फिरकत नसत. मिळतील ते खटले घ्यायचे, जिल्ह्याची कोर्टे हिंडायची, आणि संसाराला हातभार म्हणून व्यापारी कायद्याचे वर्ग घ्यायचे. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेच्या बदनामी खटल्यात त्यांनी अपिलात जेधे-जवळकरांना सोडवले. १९२८ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात काही महिने प्राध्यापकीही केली.

पण मला जिंकलेल्या खटल्याहून हरलेला मोठा वाटतो. १९३४ सालची गोष्ट. आरोपी होते र. धों. कर्वे. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी १९२५ सालीच गेली होती. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या कामविषयक शंकांना त्यांनी सरळ उत्तरे दिली, आणि अश्लीलतेचा खटला ओढवून घेतला. (सणाच्या अंकात हा विषय कशाला, असे घरातल्या आजी म्हणतील, म्हणोत बापड्या!) असल्या माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे लोकांचे शिव्याशाप घेणे. बाबासाहेबांनी ते घेतले. त्यांचे म्हणणे असे की, कामविषयावर लिहिले एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही. लोक शंका विचारतात, तर जाणत्याने उत्तर द्यायलाच हवे. मॅजिस्ट्रेटला ते पटले नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

पुढच्या वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाबाई गेल्या. परळच्या चाळीत काटकसरीने संसार रेटलेली ती माउली. आणि त्याच जूनमध्ये बाबासाहेब लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. घरात दुःख ताजे असताना फळ्यापुढे उभे राहणे काय असते, ते मास्तरच जाणे. ज्यांच्या हाती कागद द्यायला लोक कचरत होते, त्यांच्यापुढे आता बड्या घरांतली मुलेही वह्या उघडून न्यायशास्त्र शिकायला बसली असतील. १९३८ साली त्यांनी ते पद सोडले.

कर्व्यांनी मात्र मासिक बंद केले नाही. १९५३ साली ते वारले, तोवर अंक निघतच होते.