धुळ्याची बदली

पनवेलमध्ये राहणाऱ्याला वासुदेव बळवंत फडके हे नाव सारखं दिसतं. शहरातलं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आहे. गोवा हायवेला लागलं की पळस्पे फाट्याच्या पुढे शिरढोण येतं, ते त्यांचं जन्मगाव. आणखी पुढे कर्नाळा, जिथे त्यांचे आजोबा किल्लेदार होते. हे सगळं मी शाळेपासून ऐकत आलोय. पण फडक्यांच्या बंडाचा एक धागा न्यायाधीशांच्या नेमणुकांपर्यंत जातो, हे मला बरंच उशिरा कळलं.

निमित्त झालं एका मैत्रिणीचं. ती जेएमएफसीची तयारी करतेय, म्हणजे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची परीक्षा. एमपीएससी ही परीक्षा घेते: पूर्व, मुख्य आणि मुलाखत. त्यात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. एकदा चहा पिताना ती वैतागून म्हणाली, "तालुक्याच्या कोर्टात बसायला आम्ही तीन चाळण्यांतून जायचं. आणि हायकोर्टात कोण बसणार, हे काही माणसं एका खोलीत ठरवणार. हे असं का?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून मी वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता १८७९ च्या मे महिन्यात पोचलो.

त्या वर्षी फडक्यांचं बंड ऐन भरात होतं. १० आणि ११ मे रोजी त्यांचा साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरला आणि त्याने पळस्पे आणि चिखली इथे दरोडे घातले. होय, तेच पळस्पे, जिथे आज आपण एसटीची वाट बघत उभे असतो. त्यानंतर काही दिवसांतच पुण्यात सरकारी वापरातले दोन पेशवेकालीन वाडे पेटले, बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा. सरकार हादरलं. या बंडामागे पुण्याची शिकलेली मंडळी असणार असा संशय घेतला गेला, आणि त्या संशयाचं बोट एका न्यायाधीशाकडे वळलं. त्यांचं नाव महादेव गोविंद रानडे.

रानडे तेव्हा प्रथमवर्ग सबजज्ज होते. १८७१ पासून पुण्यात होते. सार्वजनिक सभेच्या कामात त्यांचं डोकं होतं. देशाचा पैसा बाहेर कसा जातो यावर त्यांनी दिलेली व्याख्यानं ऐकणाऱ्यांत लष्कराच्या हिशेब खात्यातला एक कारकून होता, वासुदेव बळवंत फडके. सरकारने १८७८ मध्ये रानड्यांना पुण्यातून नाशिकला हलवलं होतं. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पुण्याला आले असताना वाडे जळाले, आणि लगेच हुकूम आला: सुट्टी संपायची वाट न बघता धुळ्याला हजर व्हा.

आरोप नाही, चौकशी नाही, शिक्षा नाही. फक्त बदली.

रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात धुळ्याचे ते दिवस सांगितले आहेत. पत्रांवर पाळत होती. बंडवाल्यांच्या नावाने मुद्दाम पत्रं येत, हा माणूस काय करतो ते बघायला. रानडे ती पत्रं सरळ पोलिसांकडे पाठवून देत. हे वाचताना मला राहून राहून एक चित्र दिसत होतं. सकाळी लोकांचे दावे ऐकणारा न्यायाधीश संध्याकाळी घरी येतो, टपाल उघडतो, आणि प्रत्येक पाकिटाला विचारतो, तू खरं आहेस की सापळा?

असं करता येत होतं, कारण नेमणूक, बदली आणि बढती या तिन्ही दोऱ्या सरकारच्या हातात होत्या. मुंबई इलाख्यात सबजज्ज सरकार नेमायचं. हायकोर्टाचा कायदा १८६१ चा. त्यात निदान एक तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर आणि निदान एक तृतीयांश सिव्हिल सर्व्हिसमधले, म्हणजे मुख्यतः इंग्रज अधिकारी, असावेत असं लिहिलेलं होतं. उरलेल्या जागांत इथल्या वकिलांना आणि खालच्या न्यायाधीशांना वाव. आणि सगळ्यांनाच पद होतं ते राणीची मर्जी असेतोवर.

१४ ऑगस्ट १८६२ ला मुंबई हायकोर्ट सुरू झालं, पण तिथे पहिला कायम हिंदी न्यायाधीश यायला १८८४ उजाडलं. ते नानाभाई हरिदास. त्यांच्यानंतर १८८९ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग आले. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये तेलंग गेले, अवघ्या ४३ व्या वर्षी. आणि त्या रिकाम्या खुर्चीवर सरकारने बसवलं ते रानड्यांना. चौदा वर्षांपूर्वी ज्यांची टपालं तपासली, त्यांनाच.

इथे मी जरा थबकलो. मग सरकारची निवड वाईट होती, असं म्हणायचं कसं? तेलंग आणि रानडे यांच्यापेक्षा चांगली माणसं कुठल्या परीक्षेतून मिळाली असती? परक्या सरकारने, स्वतःच्या मर्जीने, उत्तम न्यायाधीश नेमले, हे नाकारता येत नाही. पण त्याच सरकारने त्याच माणसाला एका संशयावरून धुळ्याला पाठवलं, हेही नाकारता येत नाही. निवडताना सरकार न्यायाधीशाची लायकी बघत असेलही, पण बदली करताना त्याने त्याची निष्ठा बघितली. आपण बहुतेक वेळा नेमणुकीवरच वाद घालतो. खरा दाब मात्र नेमणुकीनंतर येतो.

राज्यघटना लिहिणाऱ्यांना हा इतिहास माहीत होता. २४ मे १९४९ ला संविधान सभेत या विषयावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी मधला रस्ता धरला. नेमणूक एकट्या सरकारवर सोपवणं धोक्याचं, आणि अमेरिकेसारखी सिनेटची संमती लावली तर राजकारण शिरणार. मग सरन्यायाधीशांची संमतीच सक्तीची करावी का? त्यालाही त्यांनी नकार दिला. सरन्यायाधीश झाले तरी ते माणूसच, सगळ्या माणसांसारखेच त्यांचेही दोष असणार, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून राष्ट्रपतींनी नेमायचं, पण न्यायाधीशांचा 'सल्ला' घेऊन, असं ठरलं.

खालच्या कोर्टांसाठी मात्र घटनेने धुळ्याचा प्रश्न बराच सोडवला. अनुच्छेद २३५ नुसार तालुका आणि जिल्हा न्यायाधीशांवरचं नियंत्रण हायकोर्टाकडे आहे. पनवेलच्या कोर्टात बसणाऱ्या न्यायाधीशांची बदली मंत्रालय करत नाही, हायकोर्ट करतं. आज एखादा निकाल सरकारला झोंबला, तर सरकारने अपिलात जायचं. न्यायाधीशाला रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात पाठवायचा हुकूम सरकार काढू शकत नाही. रानड्यांना हे संरक्षण नव्हतं. माझ्या मैत्रिणीला असेल.

गंमत म्हणजे, वरच्या कोर्टांसाठी दरवाजा तितका घट्ट लागला नाही. अनुच्छेद २२२ ने हायकोर्टाच्या न्यायाधीशाची बदली दुसऱ्या हायकोर्टात करता येते. १९५६ च्या घटनादुरुस्तीने 'अतिरिक्त न्यायाधीश' आणले, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. मुदत संपली की कायम करायचं की नाही, हा पुन्हा वेगळा निर्णय. म्हणजे दोन वर्षं माणूस न्यायाधीश असतो, आणि दोन वर्षं त्याच्या डोक्यावर टांगती तलवारही असते.

आणीबाणीत हे दोन्ही दरवाजे उघडले गेले. १९७६ मध्ये हायकोर्टांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. गुजरातचे न्या. संकलचंद शेठ यांना आंध्रला पाठवलं, आणि ते त्याविरुद्ध कोर्टात गेले. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या अटकेविरुद्धची याचिका ऐकणाऱ्या दिल्लीच्या दोन न्यायाधीशांपैकी न्या. रंगराजन यांना गुवाहाटीला पाठवलं आणि न्या. अग्रवाल यांना परत सत्र न्यायाधीश केलं.

आणि मुंबईत? न्या. उमेश रंगनाथ ललित. सोलापूरला वकिली केलेले, १९७४ मध्ये मुंबई हायकोर्टाचे अतिरिक्त न्यायाधीश झालेले. आणीबाणीत त्यांनी राजद्रोहाच्या प्रकरणातल्या काही तरुणांना जामीन दिला. १९७६ मध्ये दोन वर्षं संपली, आणि शिफारस असूनही त्यांना कायम केलं गेलं नाही. तेव्हा देशाचे कायदामंत्री होते ह. रा. गोखले, स्वतः मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायाधीश. इथेही आरोप नाही, चौकशी नाही. कार्यकाल संपला, इतकंच. कागदावर ते धुळ्याच्या हुकमाइतकंच साधं दिसतं.

ललित दिल्लीला जाऊन सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे चिरंजीव उदय ललित भारताचे सरन्यायाधीश झाले, ७४ दिवसांसाठी. ही बातमी फोनवर वाचताना मला त्यात फक्त 'मराठी माणूस सरन्यायाधीश' एवढंच दिसलं होतं. वडिलांची गोष्ट कळल्यावर ती बातमी मी शोधून पुन्हा वाचली.

या आठवणीतूनच पुढचं सगळं घडलं. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी सरकारच्या बाजूने कौल दिला: सल्ला म्हणजे सल्ला, तो बांधील नाही. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते उलटवलं, आणि सल्ला म्हणजे जवळपास संमती झाली. त्यातून कॉलेजियम आलं. सर्वोच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश नावं ठरवतात. सरकार नाव एकदा परत पाठवू शकतं. तेच नाव पुन्हा आलं, तर नेमणूक करावी असा नियम आहे. २०१५ मध्ये संसदेने त्याजागी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग न्यायालयाने १६ ऑक्टोबरला चार विरुद्ध एक मताने रद्द केला.

म्हणजे मैत्रिणीची 'काही माणसं, एक खोली' ही तक्रार खरी आहे. ती खोली सरकारची मर्जी बाहेर ठेवायला बांधली गेली. पण खिडक्या ठेवायच्या राहिल्या. कोणाचं नाव का आलं आणि कोणाचं का गळलं, हे बाहेरच्याला फारसं कळत नाही. आणि मर्जी पूर्ण बाहेर राहिली असंही नाही. २०१८ मध्ये गुजरातहून मुंबई हायकोर्टात आलेले न्या. अकील कुरेशी यांचं उदाहरण घ्या. मे २०१९ मध्ये कॉलेजियमने त्यांची मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायाधीशपदासाठी शिफारस केली. सरकारने हरकत घेतली. शेवटी सप्टेंबरमध्ये शिफारस बदलून त्यांना त्रिपुराच्या, आकाराने खूपच छोट्या, हायकोर्टाकडे पाठवलं गेलं. आंबेडकरांनी सांगितलेल्या दोन्ही भीती एकाच प्रकरणात दिसतात: सरकारचा हात, आणि बंद खोलीतल्या माणसांचं नमतं घेणं.

त्यामुळे आता न्यायाधीशांच्या नेमणुकीची बातमी आली की मी 'कोणी निवडलं' एवढ्यावर थांबत नाही. याला कायम कोण करणार, याची बदली कोण करणार, आणि त्यामागचं कारण आपल्याला वाचायला मिळणार का, हेही बघतो. कारण रानड्यांची निवड चुकली नव्हती. ललितांचीही नाही.

हे सगळं मी मैत्रिणीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मला पहिलं पोस्टिंग सिरोंचाला मिळालं तर ते हायकोर्टामुळे?"

"हो. मंत्रालयाचा संबंध नाही."

"मग हरकत नाही," ती म्हणाली. "लांब जायची भीती नाही वाटत मला. का पाठवलं ते कळलं पाहिजे."