उत्पादन मुंबईत, नोंद रत्नागिरीत : गिरणी उद्योग आणि सामाजिक निर्देशांकांच्या सहसंबंधाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाची चर्चा प्रामुख्याने जिल्हा हे एकक गृहीत धरून केली जाते. एका स्तंभात जिल्ह्याचे कारखानदारी उत्पादन, दुसऱ्या स्तंभात साक्षरता, अर्भक मृत्युदर किंवा लिंग गुणोत्तर मांडावयाचे आणि दोहोंमधील सहसंबंध गुणांक काढावयाचा, ही पद्धत अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये रूढ झाली आहे. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात ३१८६.७८ कोटी रुपयांचा अनुशेष निश्चित केला, तोही जिल्हावार मोजणीच्या आधारे. २००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालाने याच एककावर मुंबईला १.०० तर गडचिरोलीला ०.२१ असा निर्देशांक दिला. या मोजणीची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्या कुटुंबाचा कमावता पुरुष एका जिल्ह्यात आणि उर्वरित माणसे दुसऱ्या जिल्ह्यात राहतात, त्या कुटुंबाचे या पद्धतीत काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. मुंबईच्या कापड गिरण्या आणि रत्नागिरी जिल्हा यांच्या संदर्भात प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

गिरण्यांचा कामगार :

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ‘बॉम्बे स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी’ स्थापन केली व १८५६ मध्ये ताडदेव येथील त्यांच्या गिरणीत प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. पुढील सहा-सात दशकांत हा उद्योग मुंबईचा कणा बनला. १९२० च्या दशकात गिरण्यांतील कामगारांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती. १९२१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख नोंदली गेली, आणि त्यांपैकी सुमारे ८४ टक्के लोकांचा जन्म शहराबाहेरचा होता. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात (त्यात आजचा सिंधुदुर्गही समाविष्ट होता) जन्मलेल्यांचे प्रमाण शहराच्या लोकसंख्येत सुमारे एक पंचमांश होते.

हा कामगार मुंबईत आला, पण गाव सोडून आला नाही. भातलावणीला, शिमग्याला, गणपतीला तो परतत असे. दीर्घ आजारात किंवा संपाच्या काळात गावच त्याचा आधार असे. पत्नी, वृद्ध आईवडील व मुले बहुधा गावीच राहत. या व्यवस्थेचा ठसा जनगणनेच्या पानांवर स्पष्ट उमटलेला दिसतो. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती, तर रत्नागिरीत ती अकराशेहून अधिक होती. हे दोन आकडे दोन प्रदेशांची स्वतंत्र लक्षणे मानले, तर उद्योगप्रधान जिल्ह्यात स्त्रियांचे प्रमाण घटते आणि उद्योगहीन जिल्ह्यात ते वाढते, असा ठळक ऋण सहसंबंध हाती येईल. गणिताच्या दृष्टीने तो बिनचूकच असेल. परंतु वस्तुतः हे दोन आकडे एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. रत्नागिरीचे गुणोत्तर हे रत्नागिरीतील स्त्रियांच्या स्थितीचे निदर्शक नसून लालबाग-परळच्या भोंग्याचे निदर्शक आहे.

अर्भक मृत्युदराचे कोष्टक :

याहून गंभीर बाब अर्भक मृत्युदराची आहे. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६६ अर्भके दगावली, अशी नोंद आढळते. घरातील खोल्यांच्या संख्येनुसार केलेली विभागणी अधिकच विदारक आहे. एक खोलीच्या किंवा त्याहून लहान बिऱ्हाडांत हा दर ८२८, दोन खोल्यांच्या घरांत ३२२, तीन खोल्यांच्या घरांत १९१ आणि चार वा अधिक खोल्यांच्या घरांत १३३ होता. त्या काळी शहराची सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्या एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. औद्योगिकीकरणाची सामाजिक किंमत दाखविण्यासाठी हे कोष्टक तेव्हापासून वारंवार उद्धृत केले जाते.

मात्र या दराचा अंश आणि छेद वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, हे लक्षात घेतले पाहिजे. गिरणगावातील अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. मूल जन्मले तर त्याची नोंद झालीच तर कोकणातील खेड्यात किंवा घाटावर होई. काही महिन्यांनी आई मुलासह चाळीत परत येई, आणि मूल दगावले तर मृत्यूची नोंद मात्र मुंबई महानगरपालिकेच्या दफ्तरी होई. म्हणजे अंशात मृत्यू आला, छेदात जन्म आलाच नाही. खुद्द शहरात झालेल्या जन्मांची नोंदणीही अपूर्ण होती. एक खोलीच्या बिऱ्हाडांचा दर ८२८ पर्यंत चढण्यात याचा वाटा निश्चितच आहे, कारण बाळंतपणास गावी जाणारी कुटुंबे मुख्यतः याच बिऱ्हाडांतील होती. समकालीन अधिकाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक होती; उद्धृत करणाऱ्यांनी मात्र बहुधा आकडा घेतला आणि सोबतची शंका मागे ठेवली.

याचा अर्थ चाळीतील अर्भके मरत नव्हती, असा मुळीच नाही. दर हजारी चार-पाचशे मृत्यू घडत असले तरी ती भीषणच स्थिती होय. शासनाने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी गिरण्यांतील स्त्री-कामगारांची पाहणी केली, तेव्हा आई कामावर असताना तान्ह्या मुलांना अफू देऊन निजविण्याची प्रथा सर्वदूर आढळली. कोणत्याही गुणांकापेक्षा हे एक निरीक्षण कार्यकारणाच्या अधिक जवळ जाणारे आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला, यामागेही हीच परिस्थिती होती.

उलट दिशेची चूकही तितकीच महत्त्वाची आहे. खोकल्याने व क्षयाने जर्जर झालेला कामगार गावी परते आणि तेथेच त्याचा शेवट होई. त्याच्या फुप्फुसात साचलेली कापसाची धूळ मुंबईच्या उत्पादनाचा भाग होती. मृत्यू मात्र रत्नागिरीच्या खात्यावर पडला. म्हणजे एकाच शहराचा अर्भक मृत्युदर वाजवीपेक्षा फुगलेला आणि प्रौढांचा मृत्युदर वाजवीपेक्षा घटलेला दिसतो. अशा आकड्यांची सरासरी काढून दोष परस्परांना छेदतील, अशी आशा बाळगणे व्यर्थ आहे.

काळाच्या अक्षावर पाहिले तरी गोंधळ संपत नाही. पहिल्या महायुद्धानंतरची तीन-चार वर्षे गिरण्यांच्या भरभराटीची होती, आणि १९२१ चा उच्चांकी मृत्युदर त्याच काळातला आहे. १९२३ नंतर उद्योगाला मंदीने ग्रासले, १९२४, १९२५ व १९२८ मध्ये मोठे संप झाले. आणि अर्भक मृत्युदर १९२९ पर्यंत तीनशेच्या आसपास उतरला. या मालिकेवर गुणांक काढणारा अभ्यासक ‘मंदी अर्भकांना तारते’ अशा विपरीत अनुमानापर्यंत सहज पोहोचेल. १९२१ पूर्वीची अवर्षणे, महागाई व इन्फ्लुएंझाची साथ, नोंदणीत झालेली सुधारणा आणि १९२८ च्या सुमारे सहा महिन्यांच्या संपात गावी परतलेली कुटुंबे, या सर्वांचा विचार त्या गुणांकात कोठेच नसतो.

सांख्यिकीय इशारा :

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये या प्रकारच्या धोक्याची गणिती मांडणी केली. १९३० च्या अमेरिकन जनगणनेत राज्य हे एकक घेतले असता परदेशी जन्मलेल्यांचे प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध उणे ०.५३ येत होता. व्यक्ती हे एकक घेतले असता तोच अधिक ०.१२ होत होता. परदेशी जन्मलेले लोक अधिक साक्षर नव्हते, ते अधिक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, इतकेच. मुंबई-रत्नागिरीची गोष्ट याहून एक पाऊल पुढची आहे. रॉबिन्सन यांच्या उदाहरणात व्यक्ती निदान एका राज्यात पूर्णपणे मोजली जात होती. येथे कुटुंबाचेच दोन तुकडे होऊन ते दोन जिल्ह्यांच्या कोष्टकांत विखुरले गेले.

जिल्ह्याच्या उत्पन्नाची मोजणी उत्पादनाच्या स्थळानुसार होते. कारखान्यातील मूल्यवृद्धी कारखाना जेथे उभा आहे त्या जिल्ह्याची धरली जाते. पोस्टाने गावी गेलेली मनिऑर्डर त्या गावाच्या उत्पन्नात धरली जात नाही. ज्या शाळेची फी आणि ज्या घराची कौले गिरणीच्या पगारातून आली, ती कोकणच्या ‘सामाजिक प्रगती’च्या स्तंभात दिसतात, आणि शेजारच्या औद्योगिक उत्पादनाच्या स्तंभात त्यांचा मागमूस नसतो. कमी उद्योग असूनही कोकणात साक्षरता बरी कशी, याचे आश्चर्य व्यक्त करणाऱ्या लेखनात हे आश्चर्य मोजणीच्या रीतीतूनच उद्भवलेले असते. दांडेकर समितीच्या रचनेत कोकण ‘उर्वरित महाराष्ट्र’ या गटात मोजले गेले, त्यामुळे हा धागा अधिकच अदृश्य झाला.

संपानंतर :

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि अनेक कामगार कायमचे गावी परतले. रत्नागिरीचे लिंग गुणोत्तर १९९१ मध्ये १२०५, २००१ मध्ये ११३६ आणि २०११ मध्ये ११२२ नोंदले गेले. १ मे १९८१ रोजी वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गात ते याच क्रमाने ११३७, १०७९ व १०३६ असे उतरले. केवळ जिल्ह्याचे पान पाहणाऱ्यास ही स्त्रियांच्या स्थितीची घसरण वाटेल. त्यात परतलेले गिरणी कामगार आहेत, तसेच आता पत्नी-मुलांसह ठाणे, वसई, विरारकडे जाणारी तरुण कुटुंबेही आहेत. मुलींच्या जन्माविषयीचा कल पाहावयाचा तर शून्य ते सहा वयोगटाकडे वळावे लागते. २०११ मध्ये रत्नागिरीत हे प्रमाण ९३६ होते, म्हणजे एकूण गुणोत्तराच्या हजारावरील आकड्याशी त्याचे काहीच साम्य नव्हते. ऊस, साखर व ओतकामाच्या समृद्धीसाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापुरात ते ८६३ होते, तर कारखानदारी अत्यल्प असलेल्या गडचिरोलीत ९६१. येथे कोल्हापूरची कुटुंबे कोल्हापुरातच राहतात, त्यामुळे स्थलांतराचा आडपडदा फारसा नाही. या फरकाचे स्पष्टीकरण गर्भलिंगनिदानाच्या सोयी, जमिनीचा वारसा आणि हुंड्याची प्रथा यांतून शोधावे लागते, आणि त्यासाठी जिल्ह्यापेक्षा तालुक्याची व गावाची दप्तरे अधिक उपयोगी पडतात.